देवाचं गवत आणि सांभार

इंग्लंडमध्ये ब्रॅकनेलला मी ज्या घरात खोली घेऊन राहते, त्या घराच्या मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मला नावाने हाक मार. त्या सत्तरीच्या पुढच्या. माझ्या तोंडून त्यांचं नाव काही निघेना. आडनावाला मिसेस लावलेलं त्यांना आवडत नव्हतं, आणि आजी म्हणावं इतकी ओळख नव्हती. मग मी एक मार्ग काढला, हाकच मारायची नाही. काही विचारायचं असलं की स्वयंपाकघराच्या दारात उभं राहायचं आणि त्या मान वर करेपर्यंत थांबायचं. असं मी जवळजवळ वर्षभर केलं. त्यांच्या ते लक्षात आलं असणार, पण त्या कधी काही बोलल्या नाहीत. फक्त, मी दारात आले की लगेच मान वर करायला लागल्या.

माझी शाळा नागपूरची, इंग्रजी माध्यमाची. इंग्रजीची अडचण मला कधीच नव्हती. अडचण बोलण्याची होती, मग भाषा कुठलीही असो. दिवसभर ऑफिसच्या कॉलवर म्यूटवर बसून घरी यायचं आणि किचनमध्ये चार हाउसमेट्सशी पुन्हा हसून बोलायचं, या भीतीने मी आधीचं शेअरिंगचं घर सोडलं होतं. इथे तसं नव्हतं. संध्याकाळी आम्ही एका टेबलावर आपापलं जेवायचो. त्या रेडिओ लावायच्या, भांडी धुवायच्या, मी पुसायचे. न बोलता कुणाबरोबर इतकं निवांत राहता येतं, हे मला त्या घरात कळलं.

मागच्या दाराशी अर्ध्या पिंपाचा एक लाकडी टब होता आणि त्यात नुसतं गवत होतं. बाकी गार्डनमध्ये गुलाब, लॅव्हेंडर, भिंतीवर चढलेली कसलीशी पांढऱ्या फुलांची वेल. त्या सगळ्यांमध्ये हे गवत अगदीच साधं. लांब, चकाकणारी पाती, वसंतात वर येणारे तपकिरी-सोनेरी बारीक तुरे, बस. पण बाई मागच्या दाराने आत-बाहेर करताना त्या पात्यांवरून हात फिरवल्याशिवाय जायच्या नाहीत. उन्हाळा संपत आला की त्यातली पाती कापून सावलीत वाळवायच्या आणि त्यांच्या बारीक वेण्या घालून चादरींच्या कपाटात ठेवायच्या. माझ्या उशीच्या अभ्र्यालाही तो वास यायचा. थोडा व्हॅनिलाचा, थोडा नव्या तांदळाची पिशवी उघडल्यावर येतो तसा.

एकदा भांडी पुसताना मी विचारलं, ते कुठलं गवत आहे? त्यांनी हातातली बशी धुता धुता सांगितलं, आणि तोवर आमच्यात झालेलं ते सगळ्यात लांब बोलणं होतं. त्याला होली ग्रास म्हणतात. उत्तरेकडचं गवत, थंडीत वाढणारं. स्कॉटलंडच्या अगदी वरच्या टोकाला, जिथे त्या वाढल्या, तिथे नदीकाठच्या ओलीत ते येतं. एकदा लावलं की दरवर्षी आपलं आपण उगवतं, आणि मुळं जमिनीखालून पळतात म्हणून टबात ठेवायचं. पूर्वी काही देशांत सणाच्या दिवशी ते चर्चच्या दारात अंथरायचे, लोक त्यावरून आत जाताना सुगंध यावा म्हणून. त्यावरून ते नाव. त्यांच्या वडिलांनी नदीवरून एक ठोंब आणून घराच्या मागच्या दारात लावला होता. लग्न होऊन खाली इंग्लंडला येताना बाईंनी त्यातला तुकडा ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणला, आणि घरं बदलली तसा तोही बदलत आला. वडील गेले, घर विकलं गेलं, नव्या मालकांनी गाडी लावायला तिथे फरशी घातली.

"आता ते एवढंच आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या धाकट्या बहिणीला तिच्या दारात लावायला हवंय. ती अजून तिकडेच असते. यंदा गुडघ्याचं झालं की तिला नेऊन देणार आहे."

गुडघ्याचं ऑपरेशन मे महिन्यात झालं आणि नंतर काही आठवडे त्या कॉव्हेंट्रीला मुलीकडे राहणार होत्या. त्याच वेळी माझी आई नागपूरचा नवतपा, मे अखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस, चुकवून माझ्याकडे येत होती. मी तिच्यासाठी जवळपास एखादी खोली बघत होते. बाईंना ते कळलं तेव्हा त्यांना जवळजवळ राग आला. "तुझी आई परक्या खोलीत का राहील? हे घर रिकामंच आहे." पैशाचं काही बोलूच दिलं नाही. जाताना एकच गोष्ट सांगितली. "टबाला पाणी घाल. ते ओलं राहिलं पाहिजे. बाकी गार्डन मेलं तरी चालेल."

माझ्या आईला रिकामं बसता येत नाही. नागपूरला आमच्या गच्चीवर तिच्या कुंड्या आहेत. कढीपत्ता, मिरच्या, पुदिना, गवती चहा. जे खाता येत नाही किंवा देवाला वाहता येत नाही, त्याला ती कुंडी देत नाही. ब्रॅकनेलला आल्यावर दोन दिवस ती खिडकीत बसून शेजारच्यांची मांजर बघत होती. तिसऱ्या दिवशी तिने मसाल्यांच्या बाटल्यांची झाकणं घासून ठेवली.

"मी ऑफिसला गेल्यावर गार्डनला पाणी घालशील?" मी म्हटलं.

"कुठल्या झाडांना?"

"सगळ्याच. मागच्या टबाला जरा जास्त घाल."

का ते मी सांगितलं नाही. कुठलीच गोष्ट का ते मी सांगत नाही.

एका गुरुवारी ऑफिसमधून आले तर आई मागच्या दारात वाटच बघत होती. "ये, ये. दाखवते तुला मी काय केलं."

टब काळाभोर दिसत होता. माती भुसभुशीत, वरून हात फिरवून सपाट केलेली, त्यावर बोटाने ओढलेल्या सरळ ओळी. हिरवं एक पातं नव्हतं.

"आई, इथलं गवत?"

"तेच तर! बाप्पा, किती माजलं होतं! इतका छान टब आणि त्यात नुसतं तण. बाईचा गुडघा दुखत असन, वाकणं होत नसन बिचारीला. म्हटलं, फुकट राहून राहिलो तिच्या घरात, एवढं तर करून टाकावं. काल दुपारी बसली अन् सराट्याने खोदून काढलं सगळं. मुळं तर अशी पसरली होती!" तिने दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवली. "एक मूळ ठेवलं नाही. आज धणे पेरले. बाई येईपर्यंत मस्त सांभार येऊन जाईन."

सांभार म्हणजे कोथिंबीर आणि सराटा म्हणजे उलथणं. इथल्या पुण्या-मुंबईच्या मराठी मंडळींना ते दरवेळी समजावून सांगावं लागतं.

"आणि ते गवत कुठे टाकलंस?"

"तो भुरा डबा नाही का गार्डनच्या कचऱ्याचा? त्यात भरलं. आज सकाळी कौन्सिलची गाडी येणार म्हणून शेजारी सगळे आपापले डबे काढून राहिले होते, तर मीही नेला ओढत. समोरच्या माणसाने गुड मॉर्निंग केलं मला."

ती खूश होती. मी पायरीवर बसले. मग जितक्या कमी शब्दांत सांगता येईल तितक्यात सांगितलं. वडिलांचं दार, ओलं वर्तमानपत्र, फरशी, बहीण. होली ग्रास म्हणजे काय ते सांगताना मी 'देवाचं गवत' म्हणाले, दुसरं काही सुचलं नाही.

आईचा चेहरा बघवेना. "म्हणजे त्यांच्या दूर्वाच झाल्या की," ती हळूच म्हणाली. "माय! मी दूर्वा कचऱ्यात टाकल्या?" मग, "तू मला सांगितलं काहून नाही?"

मी बुटाची नाडी सोडत राहिले. आईने दुसऱ्यांदा विचारलं नाही. ती आत गेली आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आली. आमच्या घरी कुणी असं पायरीवर बसलं की आधी पाणी देतात. मी दोन घोट घेतले आणि थांबले. पाण्याला उशीच्या अभ्र्याचा वास येत होता.

"काय आहे यात?"

"वाळा," आई ओशाळून म्हणाली.

उन्हाळ्यात नागपूरच्या आमच्या घरी माठात वाळ्याची जुडी असतेच. कूलरलाही वाळ्याच्या ताट्या लावलेल्या, त्यांवर पाणी पडलं की सगळ्या घराला ओल्या मातीचा वास. वाळा म्हणजे एका गवताची मुळं, हे आईला माहीत होतं. आदल्या दिवशी तिने टबातलं गवत उपटून फरशीवर उन्हात टाकलं आणि तासाभरात, पाती मलूल व्हायला लागली तसा त्याला वास सुटला. तिला वाटलं, हा यांच्याकडचा वाळा. टाकून द्यायच्या आधी तिने मूठभर मुळं बाजूला काढली, वरची पाती छाटली, नळाखाली चोळून स्वच्छ धुतली, दोऱ्याने बांधली आणि बाईंच्या काचेच्या जगमध्ये पाण्यात सोडली. बाकीचं सगळं डब्यात.

तो जग मी कालपासून बघत होते. पुदिना वगैरे असेल असं वाटून विचारलं नव्हतं.

"आता हे पाणी प्यायचं नाही," आई म्हणाली. जुडी फेकणंही तिला शक्य नव्हतं. देवाचं म्हटल्यावर तिने तो जग उचलून सिंकवरच्या खिडकीत ठेवला, प्रवासात बरोबर असलेल्या तिच्या छोट्या पितळी अन्नपूर्णेशेजारी. रोज अंघोळ झाली की त्यातलं पाणी बदलायची आणि जुनं पाणी नेऊन टबात ओतायची. "त्याच्याच मातीला," एवढंच म्हणायची.

बाई रविवारी येणार होत्या. मी मेसेज लिहायचे आणि पुसायचे. इंटरनेटवर बघितलं, हेच गवत कुंडीत विकत मिळत होतं, दोन दिवसांत घरपोच. कार्टमध्ये टाकलं आणि काढलं. ते हेच गवत असलं तरी त्या दारातलं नव्हतं. खिडकीतल्या जुडीकडे मी आशेने बघितलंसुद्धा नाही. वाळा म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर वाळलेली, काड्यांसारखी मुळंच येतात. आणि आईने ती इतकी घासून काढली होती की त्यात काही जिवंत उरलं असेल असं वाटेना.

रविवारी दुपारी मुलगी त्यांना गाडीने सोडून गेली. त्या काठी टेकत आत आल्या, खुर्चीत बसल्या, आईला बघून हसल्या. मी ठरवलं होतं की मीच सांगायचं. नेहमीसारखी दारात उभी राहिले. त्यांनी नेहमीसारखी मान वर केली. आणि मी चौकटीचा रंग नखाने खरवडायला लागले.

"हट बाजूला," मागून आई म्हणाली. "मी केलं, मी सांगते." आणि ती सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "ताई," तिने हाक मारली. मला वर्षभर जे जमलं नव्हतं ते तिने एका श्वासात केलं. "ताई, आय मिस्टेक. युवर ग्रास, आय थिंकिंग कचरा. ऑल रिमूव्ह. व्हेरी सॉरी, ताई." तिने हात जोडले आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "कचरा?"

मी अर्थ सांगितला. कौन्सिलच्या गाडीचंही सांगितलं.

त्या उठून मागच्या दाराशी गेल्या. सवयीने त्यांचा हात टबाच्या कडेवरून पुढे गेला आणि तिथे काही नव्हतं म्हणून तसाच थोडा वेळ हवेत राहिला. त्या "ओह" म्हणाल्या. बस तेवढंच. मग वळून म्हणाल्या, "चहा करू या." आईला मी ते मराठीत सांगितलं तर ती आणखीच रडायला लागली. रागावल्या असत्या तर तिला सोपं गेलं असतं.

केटल भरायला त्या सिंककडे गेल्या आणि खिडकीत त्यांना आपला जग दिसला.

"हे काय?"

मी सांगायला लागले. नागपूर, माठ, वाळा, कूलर. अर्धं सांगून होईपर्यंत त्यांनी काठी भिंतीला टेकवून जगमध्ये हात घातला होता. जुडी बाहेर काढली, पाणी बाहीवरून ओघळत होतं. डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

"तुम्ही हे पाणी प्यायलात?"

"एक दिवस. मग बंद केलं."

"बरं केलंत, रोज पिण्यासारखं नाही ते. पोलंडमध्ये हे गवत व्होडकात घालतात," त्या जुडी न्याहाळत म्हणाल्या.

हे मी आईला सांगायला नको होतं.

"दारूत?" आईचं रडणं थांबलं. "अन् माझा गुरुवार होता! उपासाला मी सकाळपासून दारूचं पाणी पिऊन राहिली होती?"

तेही मी इंग्रजीत सांगितलं. बाईंनी ओट्याची कड धरली आणि त्यांना जे हसू आलं ते थांबेचना. आईला आधी कळेना हसावं की नाही. मग तीही पदर तोंडाला लावून हसली.

"इकडे ये," बाई मला म्हणाल्या. त्यांनी एक मूळ जुडीतून सोडवून माझ्या तळहातावर ठेवलं. "पेरावर बघ."

पेरापेराला तांदळाच्या कणीएवढा पांढरा कोंब होता. एका कोंबाचं टोक गुलाबीसर झालं होतं.

"हे मेलेलं नाही," त्या म्हणाल्या. "कदाचित."

त्या संध्याकाळीच ती मुळं लावली. बाईंना गुडघे टेकता येत नव्हते, म्हणून त्या स्वयंपाकघरातली खुर्ची मागवून टबाशेजारी बसल्या. आई खाली बसली. मी मधे.

"खोल नको. आडवं ठेव, झोपवल्यासारखं."

"आडवं ठेव म्हणतात."

"मग उभं कोण ठेवून राहिलं? अन् वरून माती दाबू का?"

"हलकेच."

"अगं, विचार ना त्यांना, या मधल्या ओळींत माझे धणे आहेत. काढून टाकू का? गवताला त्रास होईन."

मी विचारलं. बाईंनी मान हलवली. "राहू दे. कोथिंबीर मला आवडते."

तासभर मी या भाषेतून त्या भाषेत जात होते. ऑफिसात महिन्याभरात बोलत नसेन तेवढं बोलले, आणि उठल्यावर लक्षात आलं की मी एकदाही अडखळले नव्हते. हात धुताना बाईंनी विचारलं, "तुझी आई मला काय म्हणते? ताई?"

"मोठी बहीण," मी म्हटलं.

"मग तू मला काय म्हणायचं?"

आईच्या बहिणीला काय म्हणतात ते मी सांगितलं. त्यांनी दोन-तीनदा म्हणून बघितलं. 'मावशी'तला 'व' त्यांच्या ओठांवर फार जोरात येतो. त्या दिवसापासून मी त्यांना हाक मारते.

पुढचे आठवडे कठीण गेले. मुळं लागली की नाही हे वरून कळायला मार्ग नव्हता, आणि उकरून बघायला मावशींनी सक्त मनाई केली होती. सकाळी दोघी टबाशी जायच्या, एक काठी घेऊन, एक चहाचा कप घेऊन. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण त्या कामापुरती लागतही नव्हती. पहिला हिरवा धागा दिसला तेव्हा मावशींनी श्वास रोखला. आई वाकली आणि अपराध्यासारखी म्हणाली, "सांभार." दुसऱ्या दिवशी आणखी वर आले. सांभार. मग सगळ्या ओळी उगवल्या, आई ज्या ज्या जागी बोट ठेवायची तिथे सांभारच. आयुष्यात पहिल्यांदा आपलं काही उगवल्याचं तिला वाईट वाटत होतं. रात्री माझ्या खोलीत ती विचारायची, "नाही आलं तर?" मी म्हणायचे, येईल. माझा त्यावर विश्वास होता असं नाही.

आईच्या परतीची बॅग भरून झाली होती तेव्हाची गोष्ट. मी वर कपडे घड्या करत होते आणि खालून आईची हाक आली. ती हाक मारत होती "ताई, ताई," मला नव्हे. मी धावत खाली गेले. कोथिंबिरीच्या फणीसारख्या पानांमधून एक सरळ, अरुंद पातं वर आलं होतं. त्याला कुठेही फाटा नव्हता. मावशींनी त्याच्या टोकाला फक्त करंगळी लावली. तोडून वास घेण्याचा मोह मला झाला, त्यांना झाला नसावा. त्या म्हणाल्या, "हॅलो."

 आईने टबाच्या कडेला हात लावून तो हात स्वतःच्या कपाळाला लावला.

मावशी आत गेल्या आणि चादरींच्या कपाटातून आदल्या वर्षीची एक वेणी घेऊन आल्या. तेवढ्या दोनच उरल्या होत्या. त्यातली एक त्यांनी आईच्या हातात दिली. ती आता नागपूरला आईच्या लग्नातल्या शालूच्या घडीत आहे. फोनवर मावशी दिसल्या की आई ती काढून कॅमेऱ्यासमोर धरते, जणू त्यांना वास येणार आहे.

टब पहिल्यासारखा भरायला पुढचा वसंत यावा लागला. बहिणीला द्यायचं तेव्हा राहिलं, ते या सप्टेंबरला देणार आहोत. ट्रेनची तिकिटं मी काढली आहेत, दोघींची. ठोंब माझ्या मांडीवर राहील, ओल्या वर्तमानपत्रात, कारण मावशींचा एक हात काठीला लागतो.

मी इथे आले तेव्हा मला एका खोलीपेक्षा जास्त काही नको होतं. माझ्या आईने त्यांच्या वडिलांच्या दारातलं शेवटचं गवत उपटलं, आणि त्या म्हणाल्या, चहा करू या. याचे आभार कसे मानायचे हे मला अजून माहीत नाही. थँक्यू म्हटलं की त्या हात झटकतात.

धण्यांचं त्यांनी चालूच ठेवलं आहे. यंदाच्या वसंतातही त्यांनी मला टबात चिमूटभर टाकायला लावले, आणि त्या आता त्याला सांभारच म्हणतात. माझ्या वरणाला कोथिंबीर लागली की मी मागच्या दाराशी कात्री घेऊन बसते आणि एकेक काडी बघून कापते. उगीच एखादं पातं कात्रीत यायला नको. आत मावशींचा रेडिओ चालू असतो. बऱ्याच वेळाने त्या विचारतात, झालं का गं, आणि मी म्हणते, आले मावशी, दोन काड्या राहिल्यात.